कुस्कोतल्या घरात पाच आठवडे

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे.)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला आहे: दक्षिण अमेरिकेचा प्रवास. सकाळी चहाच्या वेळी सात जणांनी मला विचारलं, आणि सातही जणांनी एकच विचारलं, “एकटी गेली होतीस?” कुठं गेलीस, काय खाल्लंस, हे मागाहून. तर त्याचं उत्तर आधी देऊन टाकते. हो, एकटी गेले. विमानात एकटी होते, लिमाच्या विमानतळावर रात्रभर बाकावर एकटी होते, बॅगेचा पट्टा मनगटाला बांधून. पण त्यानंतरचे पाच आठवडे मी एका घरात होते, आणि त्या घरात सहा माणसं, दोन कुत्री आणि परसात पिंजराभर गिनिपिग होते. एकटं राहायला जागाच नव्हती.

माझं तुम्हाला ठाऊक आहे. पोस्टात लागले, नागपूरला राहिले, लग्न केलं नाही, मायला सांभाळलं. माय २०१७ मध्ये गेली. त्यानंतर घरी यायची घाई संपली. साडेपाचला ऑफिस सुटायचं आणि मी उगाच सातपर्यंत बसून राहायची.

कुस्को कुठून डोक्यात आलं, त्याचं श्रेय इथं बसलेल्या आमच्या भूगोलाच्या सरांना आहे. सर, तुम्ही आठवीत फळ्यावर खडूनं दक्षिण अमेरिका काढली होती, डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक जाड रेघ मारून म्हणाला होता, हा अँडीज, आणि आज तुमच्या डब्यात जो आलू आहे तो या डोंगरातून आला. आम्ही सगळ्यांनी डबे उघडून पाहिले होते. नुसता आलूच कशाला, मिरची, टमाटर, भुईमुगाच्या फल्ल्या, सगळंच त्या खंडांतून आलेलं. आपल्या घरची आलूची भाजी फोडणीपासून रस्स्यापर्यंत निम्मी तिकडचीच आहे. आणि ज्याला आपण जाम म्हणतो त्याला पुण्यामुंबईचे लोक पेरू म्हणतात, तेव्हा पेरूला जाते म्हटलं की मुंबईच्या एका सहकारी बाईंना वाटलं मी बागेत चालले.

विदर्भातून स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात जाणारी मी काही पहिली नाही. वर्ध्यात १८८४ साली जन्मलेले पांडुरंग खानखोजे क्रांतीच्या खटपटीत जग फिरत मेक्सिकोला पोहोचले, तिथल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. मेक्सिको दक्षिण अमेरिकेत नाही, हे सरांनी म्हणायच्या आधी मीच म्हणते. आणि रवींद्रनाथ ठाकूर १९२४ मध्ये खुद्द पेरूलाच निघाले होते, तिथल्या स्वातंत्र्यलढ्याच्या शताब्दीला. वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसजवळच्या सान इसिद्रो इथं, व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे पाहुणे म्हणून राहिले. पेरूला पोहोचलेच नाहीत. म्हणजे गुरुदेव पोहोचले नाहीत तिथं सानगडीची पोट्टी पोहोचली, एवढं तरी स्मरणिकेत छापा.

तयारीचं थोडक्यात सांगते, कारण मघाशी दोघींनी वहीत लिहून घ्यायची तयारी केलेली दिसली. मोबाइलवर आणि जुन्या पुस्तकांवर दोन वर्षं स्पॅनिश घोकली. सरकारी नोकर असल्यामुळे परदेशी जायची खात्याची परवानगी काढली. साठवलेली अर्जित रजा होतीच. व्हिसासाठी दिल्लीच्या पेरूच्या दूतावासात कागद पाठवले. कुस्कोमध्ये स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा आहेत, त्या विद्यार्थ्यांना गावातल्या कुटुंबांत राहायला ठेवतात. सकाळी चार तास वर्ग, बाकी वेळ त्या घरात. राहण्याजेवण्याचे पैसे शाळेमार्फत घरवाल्यांना जातात. जून २०१९ मध्ये नागपूर, मुंबई, अ‍ॅमस्टरडॅम, लिमा आणि तिथून कुस्को. आपल्यापेक्षा तिकडची घड्याळं साडेदहा तास मागं.

कुस्को ३,४०० मीटर उंचीवर आहे. आपण सानगडीत समुद्रसपाटीपासून दोनतीनशे मीटरवर राहणारी माणसं. पहिले दोन दिवस डोकं असं ठणकलं की पाठीवर उताणं पडून छत पाहत होते. घरातली म्हातारी न बोलता आली, कोकाची वाळलेली पानं गरम पाण्यात टाकून कप हातात दिला, माझ्या पायांवर आणखी एक घोंगडी टाकली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. ती पानं तिकडे चहासारखी प्यायली जातात, बाजारात ढिगानं मिळतात. आपल्याकडे आणायची नाहीत, तुरुंगात जाल.

या म्हातारीला घरातले सगळे ‘मामा’ म्हणत. तिकडे मामा म्हणजे आई. मला पहिला आठवडा प्रत्येक हाकेला दारातून धोतर नेसलेला कुणीतरी येईल असं वाटायचं. तीही ऐंशीला टेकलेली, दोन वेण्या पाठीवर एकत्र बांधलेल्या, एकावर एक तीन परकर. तिची लेक पन्नाशीची, माझ्याच वयाची. जावई टॅक्सी चालवायचा. मोठा नातू, त्याची बायको, आणि सर्वांत धाकटा चौदा वर्षांचा नातू. घर सान ब्लास नावाच्या चढावरच्या मोहल्ल्यात, कच्च्या विटांचं, मधे अंगण, वर कौलं. कौलांच्या मधोमध एक छोटा क्रूस आणि त्याच्या दोन बाजूंना मातीचे दोन बैल! मी रस्त्यातच थांबले. आपल्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल कुणीतरी माडीवर चढवून ठेवल्यासारखे. घरात बरकत राहावी म्हणून ते ठेवतात, तिकडच्या पुकारा गावाची ती कला आहे. बैल त्यांच्याकडे स्पेनच्या लोकांनी आणले, त्याआधी नव्हतेच. तरी आता घराची राखण बैलाकडे.

गाव पाहण्यासारखं आहे ते सगळे सांगतात, मी दोनच गोष्टी सांगते. कुस्को ही इंका राजांची राजधानी. १५३३ मध्ये स्पेनचे लोक आले, देवळं पाडली आणि त्यांच्याच पायावर चर्च बांधली. इंकांच्या भिंती म्हणजे दगडाला दगड असा घासून बसवलेला की मधे चुना नाही, माती नाही. एका गल्लीतल्या भिंतीत बारा कोनांचा एक दगड आहे, त्याच्या बाराही बाजूंना शेजारचे दगड नेमके बसले आहेत. तिथं फोटो काढायला रांग असते. म्हातारी त्या रांगेकडे पाहून मान हलवायची. तिनं २१ मे १९५० चा भूकंप पाहिला होता, तेव्हा अकरा वर्षांची होती. सूर्यमंदिरावर बांधलेल्या सांतो दोमिंगोच्या मठाची पडझड झाली आणि आतली इंकांची भिंत जशीच्या तशी उभी राहिली. आपल्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींवर बसून बोरं खाल्लेल्या मला ती गोष्ट फार आवडली. मी तिला तीनदा सांगायला लावली.

दुसरी गोष्ट कॉर्पुस क्रिस्तीचा सण. २०१९ मध्ये तो २० जूनला आला. गावोगावच्या चर्चमधले पंधरा संत आणि माता माणसांच्या खांद्यांवरून मोठ्या चर्चमध्ये येतात आणि आठवडाभर तिथं एकत्र मुक्काम करतात. रात्री दारं बंद झाली की ते एकमेकांशी बोलतात, गावची हालहवाल सांगतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्यातले सान हेरोनिमो आणि सान सेबास्तियान हे दोघे आपापल्या गावांतून शर्यत लावत येतात. खांदेकरी धापा टाकत पळतात, कडेचे लोक ओरडतात. अगदी आपला शंकरपट! आपल्याकडे तेव्हा कोर्टाच्या बंदीमुळे पट बंद होता, त्यामुळे मी जरा जास्तच ओरडले. त्या दिवशी गिनिपिगही ताटात असतो, थंडच वाढतात, सोबत कोंबडी, भाजलेला मका, समुद्रातलं शेवाळ. मी मटण खाणारी बाई आहे, पण सकाळी ज्याला पालापाचोळा घातला होता तो ताटात ओळखीचा वाटला. मी मका खाल्ला. कुणी आग्रह केला नाही, हे आपल्या लोकांनी शिकण्यासारखं आहे.

आता घरातलं सांगते. मी पैसे देऊन राहिले होते, हे लपवायचं कारण नाही. त्यामुळे पहिले दहा दिवस मला खुर्चीवर बसवून वाढत. आपल्याकडेही पाहुणीला काम सांगत नाहीत, तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही. पण तुम्ही मला ओळखता. मायच्या हाताखाली वाढलेली, मला बसून राहता येत नाही. अकराव्या दिवशी मी म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सुरी घेऊन आलू सोलायला लागले. ती बराच वेळ माझे हात पाहत राहिली. मग म्हणाली (लेकीनं मला स्पॅनिशमध्ये सांगितलं), साल जाड काढते, पण बसू द्या. त्या दिवसापासून मला कामं मिळायला लागली. मिरची, फल्लीदाणे आणि एका उग्र वासाच्या पाल्याची चटणी वाटायची. त्यांचा पाटा आपल्यासारखाच, वरवंटा मात्र अर्धचंद्रासारखा, तो दोन्ही हातांनी डोलवायचा. ते काम मला चांगलं जमलं. शेजारणी पाहायला आल्या.

आलूंचं तर काय सांगू! पिवळे, जांभळे, आतून लाल, वेडेवाकडे बोटांसारखे. सान पेद्रोच्या बाजारात एकेक बाई दहादहा जातींचे ढीग मांडून बसायची आणि कोणता उकडायचा, कोणता रश्शात टाकायचा, कोणता वाळवायचा हे विचारलं तर चिडायची, एवढं पण येत नाही का म्हणून. आपल्या बाया चिन्नोर आणि जाडा तांदूळ हाताच्या चिमटीत घेऊन ओळखतात तसं. लिमामध्ये १९७१ पासून आलूवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिच्याकडे हजारो जाती जपल्या आहेत. त्यांचा एक प्रकार चुन्यो. आलू थंडीत रात्री बाहेर पसरतात, बर्फासारखे गोठतात, दिवसा उन्हात पायांनी तुडवून पाणी काढतात, असं काही दिवस केलं की खडे होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. चव खडूसारखी. मी पूर्ण वाटी संपवली, कारण ते म्हातारीनं स्वतः तुडवलेले होते.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

त्या घरात दोन भाषा होत्या. स्पॅनिश आणि केचुआ. केचुआ ही इंकांची भाषा. पेरूनं १९७५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा दिला, २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३७ लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली. म्हणजे मरायला टेकलेली भाषा म्हणता येणार नाही. पण त्या घरात ती म्हातारीपाशी येऊन थांबली होती. लेक आईशी केचुआत बोलायची आणि मान वळवून मुलाशी स्पॅनिशमध्ये. धाकट्या नातवाला दहावीस शब्द येत. आजीला काही सांगायचं तर तो आईला सांगायचा, आई आजीला सांगायची. एका छपराखाली आजीनातवात दुभाषी.

मी लेकीला विचारलं, पोराला का शिकवलं नाही? ती भांडी धूत होती. म्हणाली, केचुआत स्वर तीनच आहेत. त्यामुळे आम्ही स्पॅनिश बोलायला लागलो की ‘ए’ ला ‘इ’ आणि ‘ओ’ ला ‘उ’ होतो. शाळेत मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. मी ठरवलं, माझ्या पोराला कुणी हसणार नाही.

मित्रांनो, मला तिचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. मी नागपूरच्या एका वसतिगृहात पोहोचले होते, १९८६ मध्ये. मी ‘पानी’ म्हणाले होते, ‘डोरा दुखते’ म्हणाले होते. आपल्या झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा होतो. खोलीतल्या मुलींनी आठवडाभर मला ‘डोरा’ म्हणून हाक मारली. वाईट नव्हत्या बिचाऱ्या, पुढे त्यातली एक माझी जिवलग झाली. पण मी दोन महिन्यांत आरशासमोर उभी राहून ‘ळ’ पक्का केला. मायशी फोनवर बोलतानाही मग मी ‘पाणी’ म्हणायला लागले. माय एकदा म्हणाली, “बाप्पा, मोठी सायेबीन झाली माई पोरगी.” मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

हे मी त्या लेकीला सांगितलं. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये ‘ळ’ समजावून सांगणं सोपं नव्हतं. तिनं हात पुसले, आणि आईला हाक मारून सगळं केचुआत सांगितलं. म्हातारी इतकी हसली, इतकी हसली! मग तिनं मला ‘पानी’ म्हणून दाखव म्हटलं. मी म्हटलं. तिच्या भाषेत ‘पानी’ म्हणजे भावाची बहीण. दुसऱ्या दिवसापासून ती मला तेच म्हणायला लागली.

त्यानंतर म्हातारीनं मला शिकवायला घेतलं आणि मी मोबाइलमध्ये तिचा आवाज भरून घ्यायला लागले, पाठ करायला सोपं जावं म्हणून. बाई, तुम्ही आम्हाला व्याकरण शिकवलंत, तुम्हाला यात गोडी वाटेल. केचुआत क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखे शब्दाला मागून चिकटतात. ‘वासी’ म्हणजे घर, ‘वासीपी’ म्हणजे घरात. स्पॅनिशशी दोन वर्षं झटापट केलेल्या मला ही भाषा मामेबहिणीसारखी वाटली. ऐकीव गोष्ट सांगताना ते शब्दाला ‘सी’ किंवा नुसता ‘स’ जोडतात, आपण ‘म्हणे’ म्हणतो ना तसं. डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर दुसरा प्रत्यय. इंकांच्या गोष्टी म्हातारी ‘म्हणे’ लावून सांगायची, भूकंपाची गोष्ट मात्र पाहिल्याच्या प्रत्ययानं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, त्यांच्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. इंग्रजीत नाही, स्पॅनिशमध्ये नाही. आपल्याला त्याची किंमत वाटत नाही, कारण आपण ते दिवसभर फुकट वापरतो. ‘न्योकायकू’ म्हणजे आम्ही, ऐकणाऱ्याला सोडून. ‘न्योकान्चिस’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्याला धरून. मी हे शिकल्यावर कान देऊन ऐकायला लागले की म्हातारी माझ्यासमोर कोणता शब्द वापरते. आम्ही असं रांधतो, आम्ही अमक्या दिवशी चर्चला जातो, सगळीकडे न्योकायकू. बरोबरच होतं. मी पाच आठवड्यांची पाहुणी.

चौथ्या आठवड्यात ती मला आपल्या माहेरी घेऊन गेली, चिंचेरोला. कुस्कोहून तासाभराच्या वाटेवर, आणखी उंचावर. तिच्या भावाच्या शेतात आलू काढणी चालली होती. आपल्याकडे त्याच दिवसांत मृग बरसून पऱ्हे टाकलेले, रोवणीची वाट पाहणं चाललेलं, आणि तिकडे कोरडी थंडी, काढणीचा हंगाम. शेजारचे सगळे आलेले, मजुरी कुणालाच नाही. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. त्याला ते ‘आय्नी’ म्हणतात. आपल्या इर्जिकेला दुसरं नाव. जवळच नव्या विमानतळासाठी जमीन उकरायला सुरुवात झाली होती, लाल मातीचे ढीग दिसत होते. भाऊ तिकडे हात करून बराच वेळ बोलला. मला शब्द कळले नाहीत, पण गोसीखुर्दच्या पाण्यात आत्याचं घर गेलेल्या माणसाला तो सूर समजायला भाषा लागत नाही.

दुपारी पोरांनी शेतातल्याच ढेकळांची घुमटी रचली, आत काटक्या पेटवल्या. ढेकळं तापून लाल झाली तसे आत आलू टाकले आणि घुमटी वरून पाडून दाबून टाकली. अर्ध्या तासानं माती उकरून आलू काढायचे. त्याला वातिया म्हणतात. सगळे गोल करून बसले. म्हातारीनं मक्याच्या दारूचे चार थेंब आधी जमिनीला दिले. मी जरा मागं उभी होते, फोटो काढत. तिनं माझ्याकडे पाहून हात खाली दाबत खूण केली आणि म्हणाली, “मिखुसुन्चिस.” आता जेवू या. त्या ‘जेवू या’ मध्ये ‘आपण’ होतं. शेवटचा प्रत्यय मी नीट ऐकला.

मी मोबाइल खिशात ठेवला आणि बसले. आलूला राख लागलेली होती. मला वाटतं तेवढ्यासाठी दोन वर्षं स्पॅनिश शिकले असं म्हटलं तरी चालेल, गंमत म्हणजे ती तिथं कामालाच आली नाही.

जुलैच्या मध्यात परत आले. अधूनमधून लेकीशी मोबाइलवर बोलणं व्हायचं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. पेरूचं काय झालं ते पेपरात आलं होतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी तिकडेही रात्ररात्र रांगा लागल्या. पाहुणे बंद, माचू पिचू बंद, टॅक्सी बंद, शाळा बंद. त्या घराची तीन उत्पन्नं एका आठवड्यात थांबली. २०२१ च्या सुरुवातीला म्हातारी गेली. रुग्णालयात जागा मिळाली नाही, घरीच गेली, त्याच पलंगावर.

सहा महिन्यांनी लेकीचा निरोप आला. तुझ्याकडे आईचं बोलणं आहे का? त्यांच्याकडे तिचे फोटो होते, लग्नातले दोन व्हिडिओ होते, पण त्यात बँडच एवढा मोठा की तिचा आवाज ऐकूच येत नाही. रोज जिच्याशी बोलतो तिचा आवाज कोण भरून ठेवतं? माझ्याकडे एकूण चाळीस मिनिटं होती. अकरा तुकडे. त्यात मला शिकवताना ती एकेक शब्द सावकाश तीनतीनदा म्हणते, चुकले की हसते, मधे कुत्र्याला हाकलते. एका जन्माचं बोलणं, आणि त्यातलं उरलेलं चाळीस मिनिटांचं नागपूरच्या एका पोस्टाच्या बाईच्या मोबाइलात. मी त्या रात्री सगळं पाठवलं. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्या नातवाचा निरोप: चौथ्या तुकड्यात हसल्यानंतर आजी काय म्हणाली ते तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आईला विचार. त्यानं विचारलं. आईनं अर्थ सांगितला, पण स्पॅनिशमध्येच.

तो पोरगा आता कुस्कोच्या विद्यापीठात आहे. १६९२ पासूनचं जुनं विद्यापीठ आहे ते. पर्यटन शिकतो आणि संध्याकाळी केचुआचा वर्ग लावला आहे, फी भरून. आई म्हणते, आजी फुकट शिकवत होती तेव्हा हा मोबाइलवर खेळत होता. पोरगा म्हणतो, तूच तर बोलू देत नव्हतीस. दोघंही मला स्वतंत्र निरोप पाठवून एकमेकांची तक्रार करतात. मी दोघांनाही हो म्हणते.

आणि माझ्याकडे मायचा आवाज नाही. एक सेकंदही नाही. तीस वर्षं तिच्याशी फोनवर बोलले.

२०२२ मध्ये मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि इथं आले, हे तुम्हाला ठाऊक आहे. झाडीबोलीचं मोठं काम साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी करून ठेवलं आहे, शब्द गोळा केले, लिहित्या माणसांना धीर दिला. माझी तेवढी पोच नाही. मी फक्त म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसते आणि मोबाइल मधे ठेवते. आतापर्यंत एकोणीस जण झाले. रोवण्याची गाणी, दंडारीतली सोंगं, मंडईच्या रात्री कुणाच्या नाटकात कोणाची फजिती झाली, बोडीतले मासे कसे धरायचे, लाखोरीची डाळ कशी शिजवायची, शेजारणीशी चाळीस वर्षांपूर्वी झालेलं भांडण. भांडण सांगताना बोली सगळ्यात चांगली येते. काही जण मोबाइल पाहिला की एकदम पुस्तकी मराठी बोलायला लागतात, ‘पाणी’ म्हणतात. त्यांना मी आधी माझी ‘डोरा’ ची गोष्ट सांगते. मग मोकळे होतात.

एकोणीसपैकी चार जण यंदा गेले. चौघांच्याही घरच्यांनी आवाज मागून नेला.

आयोजक घड्याळ दाखवत आहेत. माझं शेवटचं. जेवण झाल्यावर मी आपल्या दहावीच्या वर्गात खिडकीपाशी बसणार आहे. ज्यांनी सोबत मायला, आजीला, सासूला आणलं आहे त्यांनी त्यांना तिकडे आणून बसवावं आणि स्वतः बाहेर जावं, पोरं समोर असली की म्हाताऱ्या बोलत नाहीत. ज्यांच्या घरी कुणी चालू शकत नसेल त्यांनी पत्ता द्यावा, मी येते, गाडी आहे. आणि बाई, तुम्हीही या. तुम्ही आम्हाला शुद्ध मराठी शिकवलीत, पण तुमचं माहेर लाखांदुराकडचं आहे, मला ठाऊक आहे. मोबाइल पूर्ण चार्ज करून आणला आहे.